आडवं पडलं की बरं वाटतं

३ फेब्रुवारी

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागते. वर्ष उलटून गेलं. तू फोन आपटलास त्या दिवशी मी ठरवलं होतं की आता तू करशील तेव्हाच बोलायचं. याला स्वाभिमान म्हणावा की नुसतं रुसणं, हे मी माझ्या वहीत बऱ्याचदा लिहून पाहिलं. रुसणंच जास्त होतं.

अक्षर वाकडंतिकडं वाटेल. पेन नवीन आहे, अजून हाताला बसलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं तरी दोन्ही हात लागतात, तेवढ्या वेळात एखादी ओळ वाचशील.

ठकीला दिवस गेलेत असं मामीकडून कळलं. पाचवा संपत आला म्हणे. मामीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माझं नशीब, नाहीतर बाळ चालायला लागल्यावर कळलं असतं. मला खूप आनंद झाला. तो खरा आहे हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की हिला कशाचाच आनंद होत नाही.

ठकीची एक तपासणी करून घे.

दंडातल्या शिरेत मिठाचं पाणी टोचतात. टोचायच्या आधी ते दोन सिरिंजमधून इकडून तिकडे घुसळतात, म्हणजे त्यात बारीक बुडबुडे होतात. मग छातीवर सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवून बघतात. बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूला येतात, तिथून फुप्फुसात जातात आणि तिथल्या जाळीत अडकून विरतात. डाव्या बाजूला एकही यायला नको. आला, तर जाळी चुकवून जाणारी एक आडवाट फुप्फुसात आहे असं समजायचं. आडवाट बुजवता येते. गरोदरपणातही येते. पण ती तिथे आहे हे आधी माहीत असावं लागतं. बाळाला या तपासणीने काही होत नाही, हे मी तीन डॉक्टरांना वेगवेगळं विचारून घेतलंय. तू म्हणशील, शंकासुर आला परत. हो, आलाय.

मी ठकीला परस्पर काही कळवलेलं नाही. ती तुझी मुलगी आहे. तूच सांग. किंवा कारण न सांगता ने, मला तेही चालेल.

तुझी,
शंकासुर

९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. पत्र पोचायला दोन दिवस, वाचायला एक, रागवायला दोन, असा हिशेब मी करत बसले होते.

मागे एकदा तू विचारलं होतंस, "तू त्या प्रयोगशाळेत दिवसभर करतेस तरी काय?" मी म्हणाले, पेशींना जेवू घालते. तू म्हणालीस, "घरी आलेल्या माणसाला कधी धड चहा दिला नाहीस आणि तिथे अन्नछत्र उघडलंयस." तेव्हा दोघी हसलो आणि विषय तिथेच राहिला. आज तो पुरा करते.

रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं. एकाच पेशीच्या जाडीचं. सूक्ष्मदर्शकाखाली ते घट्ट बसवलेल्या फरसबंदीसारखं दिसतं. हे अस्तर आम्ही बशीत वाढवतो. दिवसाआड गुलाबी पाणी बदलायचं, ऊब सांभाळायची, आणि बघत राहायचं.

या पेशींना वाढायची फार हौस असते. पण शहाण्या रक्तवाहिनीने सतत वाढून चालत नाही. म्हणून रक्तातून एक प्रथिन फिरत असतं. ते यकृतात तयार होतं. त्याचं काम निरोप देण्याचं. अस्तराच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर तो निरोप घेणारी दुसरी प्रथिनं असतात. निरोप्या येऊन त्यांना चिकटला की पेशीच्या आत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं करत हुकूम पोचतो: थांब. आहेस तिथे राहा. शेजारणीचा हात सोडू नकोस.

काही घराण्यांमध्ये हा निरोप घेणारं प्रथिन निम्मंच बनतं. आईकडून किंवा वडिलांकडून आलेली त्याची एक प्रत बिघडलेली असते, दुसरीवर काम भागवावं लागतं. मग पेशीला हुकूम ऐकू येतो, पण अर्धवट. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर निभतं. कुठे कुठे निभत नाही. तिथे धमनी आणि शीर यांच्यामधली बारीक जाळी बनतच नाही. धमनी सरळ शिरेला जाऊन मिळते. जोराचं रक्त पातळ भिंतीवर आदळतं. नाकात असं झालं, तर नाक फुटतं.

म्हणजे आपला घोळणा, ताई. आपण ज्याला उष्णता म्हणत होतो, तो.

आपल्या घरातले उशांचे अभ्रे आठवतात? सगळे गडद तांबडे. टॉवेलही तसेच. कोणी विचारलं तर आई म्हणायची, मळखाऊ रंग आहे. मला कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्यांदा कळलं की लोक पांढऱ्या उशीवरही झोपतात. तुझ्या लग्नाच्या आधी आईने तुला जवळ बसवून सांगितलं होतं, तिकडे नाकाचं नाव काढायचं नाही. मी दाराआडून ऐकत होते. तू विचारलंस, "आणि फुटलंच तर?" आई म्हणाली, "न्हाणीघरात जायचं, नळ सोडायचा, आणि धरून बसायचं. बाहेर येताना हसायचं."

आता माझ्याकडे हे कसं उघडं पडलं, ते सांगते. गेल्या वर्षी फोनवर अर्धंच सांगू शकले, तोवर तू ठेवलास.

आम्हाला आजारी माणसांच्या पेशी तपासायच्या होत्या. त्यांच्याशी ताडून बघायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात. रक्तातून काही पेशी वेगळ्या करून जोपासल्या की तीनेक आठवड्यांत त्यांचं अस्तर तयार होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "तुझ्याइतकी ठणठणीत इथे कोण आहे? कधी रजा नाही, कधी सर्दी नाही. तूच दे रक्त." मी दिलं. रक्ताचा काही त्रास आहे का, हेही त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणाले. खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही. नाक फुटणं हा त्रास आहे, असं आपल्या घरात कोणाला कधी वाटलं होतं?

तर निरोगी बशी म्हणजे मी. आणि निरोगी बशी हुकूम ऐकेना. निरोप देणारं प्रथिन घातलं तरी पेशी हुंदडतच होत्या. आम्ही प्रथिनाची बाटली फेकून दिली. दुसरी मागवली. तीही फेकली. उबवणीचं कपाट बदललं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक उंचच उंच मुलगा काम करतो, सगळे त्याला लांबुडका म्हणतात. तो म्हणाला, "बाई, बाटल्यांना किती शिव्या द्यायच्या? आपला निरोगी माणूसच आजारी पडला असेल." सगळे हसले. मीसुद्धा.

त्या दिवशी घरी आरशासमोर उभी राहिले. ओठांवर ते लाल ठिपके आहेत ना आपल्याला, आईला होते तसे? बोटाने दाबला. पांढरा पडला. बोट काढलं, पुन्हा भरला. इतकी वर्षं मी त्यांच्यावर लिपस्टिक लावत होते.

रक्ताच्या तपासणीत प्रत बिघडलेली निघाली. आईकडून आली असणार. तुझ्याकडेही आहे, तुझ्या नाकाने ते केव्हाच सांगितलंय. तुझ्याकडून ठकीकडे जायची शक्यता निम्मी. नाणं एकदाच उडवायचं, आणि ते उडवून झालेलं आहे. आपण फक्त ते बघायचं टाळतोय.

फोन कर. रागवायला का होईना.

तुझी,
शंकासुर

१३ फेब्रुवारी

ताई,

तू फोन केलास. बरं वाटलं. जे बोललीस ते मी लगेच वहीत उतरवून ठेवलं, नाहीतर नंतर माझ्या सोयीने आठवत बसले असते. इथे तसंच उतरवते. काही चुकलं असेल तर सांग.

"काय लावलंयस हे पत्रांचं?"

"वाचलीस?"

"जावई आला होता काल. पाकीट टेबलावर. त्याने उचललं असतं म्हणजे?"

"बरं झालं असतं."

"तुझं काय जातंय बोलायला! ना नवरा, ना सासर. नांदायचंय तिला. दोष लपवून मुलगी गळ्यात बांधली म्हणतील."

"ताई, आधी ती राहिली पाहिजे. नांदेल मग."

"शुभ बोल ना जरा! सहावा लागलाय पोरीला."

"म्हणूनच बोलतेय. या दिवसांत रक्त वाढतं. आडवाटेवर जोर येतो."

"तिचं नाक कधीही फुटलेलं नाही. एकदाही नाही. डोळ्यांत तेल घालून बघितलंय मी तिला. शाळेत, उन्हाळ्यात, परीक्षेच्या जागरणात. रोज सकाळी तिची उशी बघायचे मी, ती उठायच्या आधी. कोरडी. सुटली ती. कळलं? माझी पोर सुटली."

"नाक म्हणजे सगळं नव्हे गं."

"ते तुझ्या बशीतल्या पेशींना सांग."

"मी तिला सांगू का?"

"तिला एक शब्द बोललीस तर तुला बहीण नाही. लिहून ठेव तुझ्या त्या वहीत."

लिहून ठेवलं आहे.

फोन ठेवल्यावर मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमला नाही. तू वर्षानुवर्षं रोज सकाळी एका पोरीची उशी बघत होतीस, आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

पण ताई, आपण सगळ्यांनी हाच घोटाळा केला. घराण्याचं भविष्य नाकावरून वाचलं. नाक वाहिलं तो आपला, नाक कोरडं तो सुटला. या आजारात नाक तिशी-चाळिशीपर्यंत गप्प बसू शकतं, आणि फुप्फुसात आडवाट तयार असते. ठकीचं नाक फुटलं असतं तर मला कमी भीती वाटली असती. निदान तू तिला कुठेतरी दाखवलं असतंस.

तू म्हणशील, पुस्तकातलं ज्ञान. म्हणून आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात लपवलं होतं.

पेन नवीन नाही. हात जुना राहिलेला नाही.

प्रत बिघडलेली आहे हे कळल्यावर मला बुडबुड्यांची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. मी पुढे ढकलली. माझं नाक थोडंच फुटतं, आठवड्यातून एखाद्या वेळी. म्हणजे माझं सौम्य आहे असं मी ठरवून टाकलं. मी! जी दिवसभर हेच बघते! नोव्हेंबरात एका दुपारी हातातली काचेची नळी निसटली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. लांबुडक्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याचं नाव सापडेना. रक्ताची एक बारीक गुठळी. ती फुप्फुसाच्या जाळीत अडकायची. माझ्यात ती आडवाटेने सरळ मेंदूत गेली. मग तपासणी झाली. आता त्या आडवाटेत तारेचं एक वेटोळं बसवलंय. बोलणं परत आलं. बोटं अजून येताहेत.

तुला कळवलं नाही, कारण तू माझी दया येऊन नव्हे, पटून हो म्हणावंस असं मला वाटत होतं. किती उंटावरची शहाणी मी. आता दयेनेही चालेल. कशानेही चालेल.

तिला ने, ताई.

तुझी,
शंकासुर

१६ फेब्रुवारी

ताई,

सकाळपासून तुला फोन लावतेय. घंटा वाजून वाजून बंद पडते.

मामीचा फोन आला होता. ती ठकीला भेटून आली. म्हणाली, "बरी आहे गं, नुसती आळशी झालीये. उठून बसली की धाप लागते म्हणे, आणि आडवी पडली की बरं वाटतं. तिची सासू म्हणाली, आमच्या वेळी असं आडवं पडून बरं वाटायची सोय नव्हती." असं म्हणून मामी हसली.

ताई, हे उलटं आहे. गरोदर बाईला आडवं पडल्यावर धाप लागते, उठून बसली की मोकळं वाटतं. तुला आठवत असेल, ठकीच्या वेळी तू खुर्चीत बसून झोपायचीस. उठून बसल्यावर धाप लागणं आणि आडवं पडल्यावर बरं वाटणं, हे एका वेगळ्याच गोष्टीचं लक्षण आहे. आडवाटा बहुधा फुप्फुसाच्या तळाशी असतात. माणूस बसलं की रक्त तळाकडे जातं, आडवाटेने पळतं, आणि हवा न घेताच पुढे निघून जातं. आडवं पडलं की थोडं कमी पळतं.

आणि आई, ताई. आई शेवटच्या वर्षात सारखी पडून असायची. बाबा म्हणायचे, हिला अंथरुणाने धरून ठेवलंय. आपणही हसायचो. मग तिची दाढ काढली आणि पंधरवड्यात ताप, डोकेदुखी, झटके. मेंदूत गळू झालंय म्हणाले. दाढेतून मेंदूत कसं गेलं, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. आपण विचारलंही नाही. कसं गेलं ते मला आता माहीत आहे. कुठून गेलं तेही.

ठकीला बसवू नका. जिने चढू देऊ नका. आजच्या आज न्या तिला.

मी संध्याकाळपर्यंत वाट बघणार आहे. त्यानंतर तिला फोन करणार. तू काय म्हणाली होतीस ते विसरलेले नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत माझा फोन होऊन गेलेला असेल, म्हणजे तुला आधी कळवल्याचं हे समाधान खोटंच आहे. तरी लिहितेय.

दुपारभर स्वतःला विचारत होते: न मागितलेली बातमी एखाद्याच्या अंगावर टाकायचा मला हक्क आहे का? बिचारी सुखात असेल, आणि तिच्यात नसेलच तर? आणि त्याखालचा प्रश्न: हे मी ठकीसाठी करतेय, की तू फोन आपटलास त्याचं उट्टं काढतेय? बराच वेळ कीस पाडला. मग लक्षात आलं, उत्तर काहीही आलं तरी फोन करायचाच आहे. तेव्हा प्रश्न सोडून दिला. मला तो सोडता येतो हे मला माहीत नव्हतं.

फोन उचल, ताई. तू उचललास तर मला करावा लागणार नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळी

ताई,

बोलले.

"मावशी? आईने तुझा नंबर काढून टाकायला सांगितलंय मला."

"मग काढलास का नाही?"

"सांगितलं म्हणून."

हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. मी म्हणाले, आडवी हो आधी. ती म्हणाली, "आडवं पडलं की बरं वाटतं, हे तुला कोणी सांगितलं?"

"मामीने."

"मामीआजीने वर्तमानपत्र काढावं आता."

मी सांगितलं. जेवढं तुला लिहिलं त्याच्या निम्मंही नाही, पण काही गाळलं नाही. नाक, आई, मी. तुझं नाव आलं तेव्हा अडखळले. ती म्हणाली, "आईचं माहितीये मला. न्हाणीघराच्या दारातून नळाचा आवाज यायचा तासन्‌तास. मी लहान होते, बहिरी नव्हते."

मग तिने आवाज खाली आणला.

"मावशी, परवा खोकल्यातून थोडं आलं. लाल. बेसिनमध्ये."

"मग?"

"मग काय, नळ सोडला."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? आधीच आळशी ठरलेय."

ताई, तिला हे कोणी शिकवलं? तिला जवळ बसवून तर कोणी सांगितलं नव्हतं.

मग तिने विचारलं, मला हे कधीपासून माहीत आहे. मी म्हणाले, वर्ष झालं. आईला? मी खोटं बोलले नाही. म्हणाले, तिलाही. तेव्हा मात्र ती जे बोलली ते मी वहीत लिहिलेलं नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्यावर पत्रं लिहीत बसा. मला आत्ताच्या आत्ता कुठे जायचं ते सांग."

कुठे ते सांगितलं. रात्रीच तिला तिच्या नवऱ्याने नेलं. मी आता निघतेय. तुलाही तिचा फोन आला असेल. माझा उचलला नाहीस, तिचा उचलला असशील.

१९ फेब्रुवारी, रुग्णालयात

ताई,

तू समोरच्या बाकावर बसली आहेस. मधे चार पावलांची फरशी आहे. काल आल्यापासून तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "पाणी प्यायलीस का?" मी हो म्हणाले. ते खोटं होतं. तू समोर असूनही हे लिहिते, कारण तोंडाने सांगायला गेले तर आपण भांडू, आणि तुझा जावई मधे बसलाय, त्याला आज तेवढं झेपणार नाही.

तू यायच्या आधीचं तुला माहीत नाही. बुडबुड्यांच्या वेळी मी खोलीत होते. ठकीने माझी न वळणारी बोटं धरली होती. पडद्यावर उजवी बाजू पांढरी झाली. मी डाव्या बाजूकडे बघत राहिले. ती काळी राहिली पाहिजे होती. दोन-तीन ठोके काळी राहिली. मग तीही भरली. तुरळक नाही, ताई, सगळी. तपासणाऱ्या बाईंनी यंत्र उचललं आणि ठकीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. ठकी म्हणाली, "मावशी, आलं ना?" मी मान हलवली.

डाव्या फुप्फुसाच्या तळाशी एक मोठी आहे, बाजूला दोन लहान. मोठी झिरपतेय. उद्या सकाळी जांघेतल्या शिरेतून नळी घालून ती बुजवायची. लहान नंतर. डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा नीट होतं. "बऱ्याचदा म्हणजे किती?" मी विचारलं. ते म्हणाले, "झिरपायला लागायच्या आधी आला असता तर जास्त सांगितलं असतं." बाळ अजून बाहेर काढण्याजोगं नाही. आज रात्रीत पुन्हा रक्त आलं तर काय, हेही विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. ते मी तुला लिहिणार नाही, तू मला विचारूही नकोस.

आता आज दुपारचं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "घरात कोणाकोणाला आहे?" जावई उभा, त्याची आई उभी. मी माझं सांगितलं, आपल्या आईचं सांगितलं. पुढचं तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं. आयुष्यात कधी काही न गिळणारी मी. पण ते माझं नव्हतं. तुझं होतं. तू पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होतीस. मला वाटलं, नाही सांगणार ही.

तू म्हणालीस, "मलाही आहे. बाराव्या वर्षापासून. हिच्या वडिलांनाही सांगितलं नव्हतं, ते गेले तरी नाही. आमच्यात सांगत नाहीत." मग विहीणबाईंकडे वळून, "तुम्हाला काय बोलायचंय ते मला बोला. पोरीला त्यातलं काही माहीत नव्हतं."

त्या म्हणाल्या, "बोलायचंय तर. पण आज नाही. माझ्या तोंडून आळशी निघालं होतं, ते मलाच पुसू द्या आधी." आणि उशी सारखी करायला ठकीच्या खोलीत गेल्या.

तू तशीच उभी होतीस, हात मोकळे सोडून. डॉक्टरांनी तुझ्या ओठांकडे बघून विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली?" तू म्हणालीस, "मला काय धाड भरलीये? आधी पोरीचं बघा." हे म्हणताना तू भिंतीला हात लावून दम घेतलास. ते त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. काल जिन्याने वर आलीस, आणि आल्या आल्या बाकावर बसायच्या ऐवजी आडवी झालीस. प्रवासाने दमलेय, असं जावयाला म्हणालीस. ताई, मी काल रात्रभर ते वाक्य ऐकत होते.

मी तुला धीर देणार नाही. माझ्यापाशी नाही. बशीतली पेशी ऐकत नसेल तर बशी फेकून नवी घ्यायची, एवढंच मला येतं. इथे एकच ठकी आहे, एकच तू आहेस. उद्या ठकी त्या दाराने आत गेली की आपल्याला दोघींना या बाकांवर बसून राहायचंय. तू मला बहीण मान, नको मान. तू म्हणालीस तसं मी वहीत लिहून ठेवलंय, ते खोडणार नाही. पण उद्या बाकावर माझ्या शेजारी बस. बसवत नसेल तर आडवी हो, मांडी आहे.

हा कागद टपालात टाकायचा नाही. उठून चार पावलं यायचंय आणि तुझ्या हातात द्यायचाय. तेवढं झालं की पाणी पिते, खरंच.

वहीत आजची शेवटची ओळ लिहिलीये, उद्याचं काम: ठकी बाहेर आली की ताईला तपासणीला आत न्यायचं.